चौकट आणि फरशी यांमधील फट

चौकट आणि फरशी यांमधील फट म्हणजे दाराच्या चौकटीची उभी लाकडे किंवा चौकटीभोवती ठोकलेली शोभेची पट्टी यांची खालची टोके आणि नव्याने घातलेली फरशी यांच्यामध्ये राहणारी मोकळी जागा होय. जुनी जमीन उखडून नवी फरशी घातल्यावर किंवा घराची भर खचल्यावर अशी फट दिसू लागते. तिची रुंदी एक-दोन मिलिमीटरपासून चार-पाच सेंटिमीटरपर्यंत असू शकते. फट दिसायला किरकोळ असली तरी तीतून पाणी लाकडाच्या टोकापर्यंत पोहोचते, वाळवीला आडोसा मिळतो आणि ग्रामीण भागात उंदीर, विंचू व सर्प यांच्या वावराशीही तिचा संबंध येतो. त्यामुळे फट बुजवणे हे केवळ सजावटीचे काम मानले जात नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न विशेषतः मातीच्या वा शेणाच्या जमिनीवरून लादीकडे वळणाऱ्या घरांत आढळतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके आणि शहापूर तालुक्यातील आटगावसारखी रेल्वेमार्गावरील गावे हे अशा स्थित्यंतराचे उदाहरण आहे.

चौकटीची रचना

चौकट या शब्दातच चार लाकडांचा अर्थ आहे. जुन्या पद्धतीच्या चौकटीत दोन उभी लाकडे, वरचे आडवे लाकूड म्हणजे गणेशपट्टी आणि खालचे आडवे लाकूड म्हणजे उंबरठा किंवा उंबरा, असे चार भाग असतात. उभ्या लाकडांच्या खालच्या टोकांना कुसू काढून ती उंबरठ्याच्या भोकांत बसवतात. त्यामुळे उभे लाकूड जमिनीला टेकत नाही, ते उंबरठ्यावर उभे राहते. जमीन थोडी वर आली किंवा खाली गेली तरी फरक उंबरठ्याच्या उंचीत जिरतो आणि उभ्या लाकडाखाली फट पडत नाही.

विसाव्या शतकात शहरी इमारतींमध्ये आतल्या खोल्यांच्या दारांना उंबरठा न ठेवण्याची पद्धत रूढ झाली. अशा तीन लाकडांच्या चौकटीत उभी लाकडे थेट जमिनीत किंवा फरशीवर संपतात. भिंतीत पक्के बसवलेले लोखंडी पट्टे, म्हणजे होल्डफास्ट, चौकटीला धरून ठेवतात. फरशीची पातळी बदलली की या टोकांशी लगेच फट दिसते. आजच्या घरांतील बहुतेक फटींचे मूळ उंबरठा नाहीसा होण्यात आहे.

चौकट व गिलावा यांच्यामधला सांधा झाकण्यासाठी बाहेरून जी पट्टी ठोकतात तिला सुतार मोल्डिंग पट्टी किंवा नुसती पट्टी म्हणतात. ही पट्टी भार पेलत नाही. तिच्याखालची फट आणि मूळ चौकटीखालची फट यांचे उपाय वेगवेगळे असल्यामुळे दोहोंत फरक करणे आवश्यक ठरते.

उंबरठ्याचे स्थान

संस्कृत कोशांत उदुंबर या शब्दाचा उंबराचे झाड याबरोबरच घराचा उंबरठा असाही अर्थ दिला आहे. मराठी घरांत उंबरठ्याला हळदकुंकू वाहणे, त्यापुढे रांगोळी काढणे आणि नववधूने उंबरठ्यावरचे माप ओलांडून गृहप्रवेश करणे या रूढी आहेत. नरसिंहाने हिरण्यकशिपूचा वध उंबरठ्यावर केला, ही कथाही सर्वपरिचित आहे. या श्रद्धेमुळे फरशी बदलताना मुख्य दाराचा उंबरठा सहसा काढत नाहीत. लाकडी उंबरठा कुजला असल्यास त्याजागी ग्रॅनाइट, कडप्पा किंवा संगमरवराची पट्टी बसवतात. परिणामी मुख्य दाराशी फट क्वचित आढळते. ती प्रामुख्याने स्वयंपाकघर, माजघर व न्हाणीघर यांच्या दारांशी पडते.

जमिनीचे बदलते प्रकार

कोकण व ठाणे परिसरातील जुन्या घरांची जमीन मुरूम व माती चोपून तयार केलेली आणि शेणाने सारवलेली असे. सारवणाचा थर दर काही दिवसांनी नव्याने दिला जाई व तो चौकटीच्या पायापर्यंत ओढला जाई. त्यामुळे फट पडली तरी पुढच्या सारवणात ती भरून निघे. जमिनीची देखभाल हीच फटीची दुरुस्ती होती.

त्यानंतर चुना किंवा सिमेंटचा कोबा, कर्नाटकातील शहाबाद परिसरातून येणारी शहाबादी फरशी, सिमेंटच्या रंगीत व मोझॅक लाद्या आणि शेवटी व्हिट्रिफाइड लाद्या असा क्रम साधारणपणे दिसतो. मुंबईत १९२२ मध्ये स्थापन झालेल्या भारत टाइल्स या कंपनीने सिमेंटच्या लाद्या देशात तयार करून लोकप्रिय केल्या. आज वापरल्या जाणाऱ्या व्हिट्रिफाइड लाद्या मोठ्या प्रमाणावर गुजरातमधील मोरबी येथून येतात. या प्रत्येक प्रकाराची जाडी वेगळी असते, आणि फटीचे गणित या जाडीतच असते.

उदाहरणार्थ, जुन्या शहाबादी फरशीची जाडी ३० मिमी आणि तिच्याखालील मसाल्याचा थर २५ मिमी असेल, तर एकूण ५५ मिमी थर उखडला जातो. त्याजागी ९ मिमी जाडीची लादी ३० मिमी मसाल्यावर बसवली तर नवा थर ३९ मिमी होतो. जमीन १६ मिमीने खाली जाते आणि तेवढीच फट चौकटीखाली उघडी पडते. याउलट जुनी फरशी न काढता तिच्यावर चिकटद्रव्याने लादी लावल्यास जमीन सुमारे १२ ते १४ मिमी वर येते. तेव्हा फट पडत नाही, परंतु दाराची फळी खाली घासू लागते आणि ती कापावी लागते.

कारणे

फट पडण्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

* पातळीतील बदल : वर दिल्याप्रमाणे जुना थर जाड व नवा थर पातळ असणे.
* कामाचा चुकीचा क्रम : तयार फरशीची पातळी ठरवण्यापूर्वीच चौकट किंवा पट्टी बसवणे. अशा वेळी सुतार अंदाजाने माप घेतो आणि लादी बसवणारा कारागीर आपल्या उताराप्रमाणे काम करतो. दोघांचीही कामे आपापल्या जागी बरोबर असली तरी फट त्यांच्या कामांच्या मध्ये उरते.
* भर खचणे : जोत्यातील भर पुरेशी पाणी मारून चोपली नसेल तर पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत ती बसते व फरशी खाली जाते. चौकट भिंतीला धरलेली असल्यामुळे ती मात्र जागेवर राहते.
* लाकूड कुजणे वा वाळवीने खाणे : उभ्या लाकडाचे टोक ओलाव्यामुळे किंवा वाळवीमुळे नष्ट होते आणि जुना थर काढल्यावर पोकळी उघडी पडते.
* हेतुपुरस्सर सोडलेली जागा : लॅमिनेट वा लाकडी तुकड्यांच्या जमिनीला प्रसरणासाठी भिंतीलगत साधारण ८ ते १२ मिमी जागा सोडतात. पट्टीचा पाय योग्य रीतीने कापला नसेल तर ही जागा फटीच्या रूपाने दिसते.

लाकूड वाळून आखडल्यामुळे फट पडते, असा सर्वसाधारण समज आहे. तो फारसा बरोबर नाही. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने बरेच आखडते, परंतु लांबीच्या दिशेने ओल्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंतही त्याचे आकुंचन साधारण ०.१ ते ०.२ टक्के एवढेच असते. म्हणजे २१०० मिमी उंचीच्या चौकटीत फरक फार तर दोन ते चार मिमी पडतो. यापेक्षा मोठी फट असेल तर तिचे कारण जमिनीत किंवा लाकडाच्या टोकाशी शोधावे लागते.

परिणाम

ओलावा. उभ्या लाकडाच्या कापलेल्या टोकाशी त्याच्या नलिका उघड्या असतात आणि तेथून पाणी बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने शोषले जाते. फरशी पुसताना किंवा धुताना फटीत शिरलेले पाणी या टोकाला सतत भिजवते. पट्टी लाकूडभुशाच्या दाबीव फळीची असेल तर ती फुगते व तिचा आकार परत मूळपदावर येत नाही.

वाळवी. जमिनीत राहणारी वाळवी जोत्यातून, फरशी व भिंत यांच्या सांध्यातून वर येते आणि मातीच्या नळ्या करून चौकटीच्या मागील बाजूने लाकडात शिरते. उघड्या फटीत या नळ्या निदान दिसू तरी शकतात. वाळवी लागलेली असताना फट नुसतीच बुजवली तर बाहेरून लाकूड चांगले दिसते आणि आतून पोखरले जाते.

उंदीर, विंचू व सर्प. घरातील लहान उंदीर सुमारे ६ मिमी रुंदीच्या फटीतूनही ये-जा करू शकतो, असे आरोग्य विभागांच्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले जाते. पट्टीच्या मागे पोकळी असेल तर ती उंदीर, झुरळे व विंचू यांचे लपण्याचे ठिकाण बनते. उंदरांच्या मागे सर्प घरात येतात. मण्यार हा निशाचर विषारी सर्प पावसाळ्यात घरांत शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या व्यक्तींना चावल्याच्या घटना घडतात. त्याचा दंश फारसा दुखत नसल्यामुळे तो पुष्कळदा उशिरा लक्षात येतो. कोकणातील विंचूदंशाच्या गंभीर परिणामांवर महाड येथील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला.

चौकटीखालची फट हा अशा प्राण्यांच्या प्रवेशाचा एकमेव मार्ग नसतो. दाराच्या फळीखालची मोकळी जागा, मोऱ्यांची तोंडे आणि कौलांखालील जागा हे मार्ग अधिक मोठे असतात. म्हणून चौकटीखालची फट बुजवताना फळीखालची जागाही रबर किंवा ब्रशच्या पट्टीने बंद करणे आणि मोरीला जाळी लावणे उपयुक्त ठरते. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपल्याने संरक्षण वाढते. दंश झाल्यास किंवा तशी शंका आल्यास वेळ न दवडता रुग्णाला रुग्णालयात नेणे हाच योग्य उपाय आहे.

तपासणी व मोजणी

दुरुस्तीपूर्वी फटीचे कारण निश्चित केले जाते. पाणसळीने फरशीची व ओळंब्याने चौकटीची स्थिती पाहतात. पातळ पट्टी किंवा तार आत सारून फटीची खोली मोजतात. लाकडावर पटाशीच्या दांड्याने ठोकून पोकळ आवाज येतो का ते पाहतात. पोकळ आवाज, मातीच्या नळ्या किंवा भुसभुशीत टोक आढळल्यास आधी वाळवीप्रतिबंधक उपचार करतात. भारतीय मानक ६३१३ या संहितेच्या तिसऱ्या भागात बांधून झालेल्या इमारतींसाठीच्या उपचाराची पद्धत दिली आहे.

फट वाढती आहे की स्थिर, हे ठरवण्यासाठी फरशीच्या पातळीपासून चौकटीवर ठरावीक उंचीवर पेन्सिलीने खूण करून अंतर लिहून ठेवतात व काही महिन्यांनी पुन्हा मोजतात. भर खचत असेल तर पावसाळा संपून जमीन स्थिरावेपर्यंत कायमची दुरुस्ती पुढे ढकलणे श्रेयस्कर मानले जाते. नव्या फरशीखालचा मसाला पुरेसा वाळल्यावरच सीलंट भरतात, कारण ओल्या पृष्ठभागाला ते नीट चिकटत नाही.

दुरुस्तीच्या पद्धती

तीन मिलिमीटरपर्यंतची फट. ही फट सीलंटने भरतात. रंग द्यायचा असल्यास ॲक्रिलिक सीलंट वापरतात. सिलिकॉनवर रंग धरत नाही, परंतु ते पाण्याला अधिक टिकते. म्हणून न्हाणीघराच्या दाराशी सिलिकॉन वापरतात. फटीच्या दोन्ही कडांना चिकटपट्टी लावून मग सीलंट भरल्यास कड सरळ येते.

तीन ते दहा मिलिमीटरची फट. एवढी जागा केवळ सीलंटने भरली तर ते आखडते व मधे चिरते. म्हणून आधी फोमची गोल दोरी आत दाबून बसवतात आणि तिच्यावर सीलंटचा थर देतात. थराची खोली फटीच्या रुंदीच्या सुमारे निम्मी ठेवतात. कोरड्या खोलीत लाकडाचा भुसा व सरस यांचे मिश्रण किंवा लांबी भरण्याचीही पद्धत आहे. मात्र ओल लागणाऱ्या जागी लांबी टिकत नाही.

दहा मिलिमीटरपेक्षा मोठी फट. येथे लाकडाचा जोड देतात. कुजलेला भाग काढून उभ्या लाकडाचे टोक साधारण ४५ अंशांच्या तिरक्या कापाने साफ करतात. कागदावर उरलेल्या जागेचा नमुना काढून त्याच मापाचा, त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा कापतात. तुकड्याच्या रेषा मूळ लाकडाप्रमाणे उभ्या ठेवणे महत्त्वाचे असते. रेषा आडव्या राहिल्यास जोड ऋतुमानानुसार फुगतो व आखडतो आणि सांधा उघडतो. जोड जलरोधक सरस व बारीक चुका यांनी पक्का करून रंधा मारतात. बसवण्यापूर्वी तुकड्याच्या खालच्या टोकाला रंग किंवा वॉर्निशचे दोन-तीन हात देतात. बसवल्यानंतर या टोकापर्यंत ब्रश पोहोचत नाही.

पायाशी ठोकळा. शोभेच्या पट्टीखाली फट असेल तर दोन्ही बाजूंच्या पट्ट्या स्कर्टिंगच्या उंचीपर्यंत, म्हणजे साधारण ७५ ते १०० मिमी, कापून तेथे पट्टीपेक्षा थोडा जाड ठोकळा बसवतात. ठोकळा ग्रॅनाइट किंवा कडप्प्याचा घेतल्यास लाकूड पाण्यापासून कायमचे वर राहते. दोन्ही बाजूंना सारखेच ठोकळे असल्यामुळे काम मुद्दाम केलेले दिसते.

मूळ चौकटीखालची फट. होल्डफास्ट मजबूत असतील तर चौकट अधांतरी दिसली तरी लगेच धोका नसतो. परंतु दार आपटताना बसणाऱ्या हादऱ्यांनी पकड सैल होत जाते. अशा वेळी खाली दगडाचा तुकडा पाचरीसारखा बसवून उरलेली जागा एकास तीन प्रमाणाच्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याने ठासून भरतात. दोन्हींच्या सांध्याशी सीलंटची बारीक रेघ देतात. लाकडाची पाचर थेट ओलसर जमिनीवर ठोकणे टाळतात.

तरंगती जमीन. लॅमिनेटसारखी जमीन खालच्या थराला चिकटवलेली नसते व ऋतुमानानुसार सरकते. तिच्याभोवतीची जागा सिमेंट किंवा लांबीने भरल्यास जमीन अडते व मधे उचलली जाते. येथे फक्त लवचीक सीलंट वापरतात किंवा पट्टीला जोडलेली पाव-गोल पट्टी लावतात. ही पट्टी जमिनीला न चिकटवता भिंतीच्या बाजूला पक्की करतात.

जुन्या तेलरंगाचा थर घासताना काळजी घ्यावी लागते. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० भाग प्रतिदशलक्ष एवढे मर्यादित करणारे नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे अधिक असू शकते. म्हणून असा रंग कोरडा न घासता ओला करून घासतात, मुखपट्टी वापरतात आणि लहान मुलांना दूर ठेवतात.

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील परिस्थिती

आटगाव हे मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील स्थानक आहे. मुंबईला पाणी पुरवणारा तानसा तलाव या परिसरात आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी असल्यामुळे शहापूर व मुरबाड या दोन्ही तालुक्यांत जून ते सप्टेंबर या काळात भरपूर पाऊस पडतो. घरांचे जोते अनेक आठवडे ओले राहते. भातखाचरे व जंगल घरांना लागून असल्यामुळे उंदीर व सर्प यांचा वावरही असतो.

वारली, कातकरी, ठाकूर व महादेव कोळी या समाजांच्या पाड्यांवरील जुनी घरे कारवीच्या कुडाची व शेणाच्या जमिनीची असत. सागवान व ऐन ही लाकडे स्थानिक जंगलातील असून खांब व चौकटींसाठी वापरली जात. २०१६ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आणि आदिवासींसाठीची शबरी घरकुल योजना यांतून विटांची पक्की घरे बांधली गेली. प्रधानमंत्री आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरवले आहे. कुटुंबे अशी घरे पुष्कळदा टप्प्याटप्प्याने पूर्ण करतात. आधी भिंती, छप्पर व दार होते, जमिनीवर साधा कोबा असतो आणि पैसे जमल्यावर काही वर्षांनी लादी बसते. चौकट आधी व फरशी नंतर असा क्रम येथे परिस्थितीमुळेच येतो. त्यामुळे चौकट बसवतानाच भावी लादीची पातळी भिंतीवर खूण करून ठेवणे हा या घरांसाठी सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. खोली लहान असल्यामुळे कुटुंबातील अनेक जण जमिनीवरच झोपतात, म्हणून फट बुजवण्याचे महत्त्व येथे शहरी घरांपेक्षा अधिक आहे.

प्रतिबंध

फट पडू न देणे हे ती भरण्यापेक्षा सोपे असते. त्यासाठी पुढील क्रम पाळला जातो.

* पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने सर्व खोल्यांत एकाच उंचीची आडवी रेषा भिंतींवर आखणे आणि तिच्यापासून खाली मोजून तयार फरशीची पातळी ठरवणे.
* चौकटीची उभी लाकडे या पातळीच्या थोडी खाली जातील अशी ठेवणे, भिंतीत व जमिनीत जाणाऱ्या पृष्ठभागांना डांबर लावणे.
* जोत्यातील भर थरांनी पाणी मारून चोपणे.
* जुनी चौकट कायम ठेवून फरशी बदलताना, नव्या लादीचा तुकडा पट्टीलगत ठेवून त्याच्यावर करवत आडवी धरून पट्टीचा पाय कापणे आणि लादी त्याखाली सरकवणे. यामुळे लादीची कापलेली कड पट्टीखाली झाकली जाते व फट उरतच नाही.
* शोभेची पट्टी फरशी व स्कर्टिंग यांनंतर, सर्वांत शेवटी बसवणे.
* न्हाणीघराच्या दाराला ग्रॅनाइटची किंवा पाणी न शोषणाऱ्या पदार्थाची चौकट वापरणे.

लाकडी चौकटींच्या मापांविषयी भारतीय मानक ४०२१, तर सिमेंटच्या लाद्या बसवण्याविषयी भारतीय मानक १४४३ ही संहिता उपलब्ध आहे.

हे सुद्धा पहा

* उंबरठा
* शहाबादी फरशी
* वाळवी
* मण्यार
* आटगाव
* शहापूर तालुका